बर्स्लेमची बरी झालेली बाई

थर्झा माउंटफर्डचं चित्र पेपरात छापून आलं तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, ही बाई मेली तरी असावी, नाहीतर हिने कुणाला मारलं तरी असावं. त्याशिवाय कपबशा रंगवणाऱ्या बाईचं तोंड कोण कशाला छापील? मग ज्यांना वाचता येत होतं त्यांनी चित्राखालचा मजकूर इतरांना वाचून दाखवला, आणि शनिवार सरायच्या आत साऱ्या बर्स्लेम गावाला कळलं की थर्झा बरी झाली.

'चौदा महिने मला झोप म्हणून ठाऊक नव्हती,' असं त्यात होतं. 'छातीत धडधड, अन्नावरची वासना उडालेली, कारण नसता भीती, आणि हात असे कापत की पोटापाण्याचं काम सुटायची वेळ आली. डॉक्टर लॅम्बोर्न यांच्या मज्जावर्धक अर्काच्या दोनच बाटल्यांनी मला नवा जन्म मिळाला. — मिसेस टी. माउंटफर्ड, ओव्हन रो, बर्स्लेम. मज्जातंतूंच्या दुर्बलतेने गांजलेल्यांनी खुशाल येऊन मला भेटावं.'

हे शेवटचं वाक्य तिचं नव्हतं. नवा जन्मही तिने लिहिला नव्हता. बाकीचं मात्र तिचंच होतं, आणि ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी ते खरंही होतं.

वयाच्या तेराव्या वर्षी ती कारखान्याच्या रंगशाळेत बसली, आणि पुढची बावीस वर्षं तिने कपांवर गुलाब काढले. गुलाबाच्या पाकळ्या सावकाश भरता येतात, चूक झाली तर पुसता येते. देठाचं तसं नाही. देठ एका फटकाऱ्यात ओढावा लागतो, आणि थर्झाचा देठ बघायला शिकाऊ मुली मागे उभ्या राहायच्या. गेल्याच्या आदल्या वर्षी नाताळच्या सुमाराला तो देठ मध्येच थरथरला. तिने पुसून पुन्हा ओढला. पुन्हा थरथरला. त्या दिवशी तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून काही सांगायची सोय उरली नाही.

तिचा नवरा अमोस त्याच कारखान्यात भट्ट्या लावायचा. उंच, शांत, चॅपेलमध्ये प्रार्थनेला पुढच्या बाकावर बसणारा माणूस. पेपरातली जाहिरात त्यानेच वाचली. "हे बघ, अगदी तुझंच लिहिलंय," म्हणत त्याने लक्षणं एकेक करून तिला वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी औषधवाल्याकडून तपकिरी बाटली घेऊन आला. पहिला चमचा पोटात गेला तशी पायाच्या बोटांपर्यंत ऊब पोचली. तीन दिवस थर्झा मेल्यासारखी झोपली. चौथ्या दिवशी हात स्थिर होता, आणि दुसरी बाटली संपेपर्यंत तसाच राहिला. तिला एवढा आनंद झाला की तिने लंडनच्या कंपनीला पत्र टाकलं. उलट टपाली आभार आले, मग फोटो काढणारा माणूस आला, त्याने हलू नये म्हणून तिची मान लोखंडी चिमट्यात अडकवून तिला बसवलं. मग चार महिने काही नाही. आणि मग हे चित्र.

त्या चार महिन्यांत तिची सातवी बाटली संपली होती. कंप परत आला होता, आणि येताना सोबत बरंच काही घेऊन आला होता. जबडा आखडायचा. चमचा खाली पडला तरी ती दचकून उभी राहायची. आणि पाय! बसलं की उठावंसं वाटे. उठलं की कुठेतरी जावंसं वाटे. दारापर्यंत गेलं की कुठे जायचं ते कळेना. मग ती चुलीपाशी परत यायची, चुलीवरची किटली उगाच इकडची तिकडे करायची.

"जरा टेक की गं," अमोस म्हणायचा.

"टेकलेच होते."

"कधी? सकाळपासून घराला फेऱ्या मारतेयस."

"तू बस ना टेकून. मला कशाला बसवतोस?"

अमोसला यात काही वावगं वाटत नव्हतं. औषध अंगात काम करतंय म्हणून उत्साह वाढलाय, असं त्याचं मत. त्याने एव्हाना कंपनीची एजन्सी घेतली होती आणि पुढच्या खोलीतल्या कपाटात, बायबलच्या खालच्या फळीवर, बाटल्यांची रांग लावली होती. पैशाचा लोभ त्याला कधीच नव्हता. बायको बरी झाली, तशी माणसं बरी व्हावीत, इतकं साधं त्याचं गणित. चॅपेलमध्ये म्हाताऱ्या ब्रदर रॅगला त्याने पहिली बाटली फुकट दिली.

रंगशाळेत थर्झाच्या शेजारी केझाया बसायची. दोघींची बाकं वीस वर्षं लागून.

"किती झाले आज?" केझाया मान वर न करता विचारायची.

"पाकळ्या झाल्या सगळ्या."

"सरकव इकडे. देठ मी ओढते. आणि ती पानं भर तू, पानं थोडी कापली तरी वारा सुटलाय म्हणतील." मग हळूच, "बये, पेपरात काय काय लिहितेस, आणि इथे देठ माझ्याकडून काढून घेतेस. उद्या देखरेखीच्या मिसेस बूनने बघितलं तर?"

"बघू देत."

"बघू देत काय! पेपरात तोंड आलं म्हणून राणीसारखी बोलायला लागलीस."

दोघी हसल्या. थर्झाला हसता हसता रडू येऊ लागलं म्हणून ती रंग कालवायला वळली.

आणि दर रविवारी माणसं यायची. पहिल्या रविवारी तीन आली. मग सात. टनस्टॉलहून एक कसाई आला, त्याला सुरी धरवत नव्हती. एक आई आपल्या तरण्या मुलीला घेऊन आली, मुलगी सबंध वेळ गालिच्याकडे बघत बसली. एक जाडा दारूवाला आला आणि थर्झाकडे घोडा बघावा तसा बघून म्हणाला, "बाई, हात दाखवा की पुढे करून. बघू तरी."

थर्झाने एप्रनखाली हात घट्ट धरले होते. अमोस पुढे झाला. "घरंदाज बाईला हात काय दाखवायला सांगता? तिच्या तोंडाकडे बघा. आजारी दिसते का?"

"नाही बा," दारूवाला म्हणाला आणि दोन बाटल्या घेऊन गेला.

माणसं गेली की ती मागच्या अंगणात जाऊन भिंतीच्या कडेकडेने फिरायची. त्या माणसांचे चेहरे डोळ्यांपुढून हलायचे नाहीत. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव असायचा. ही झाली, मग आपणही होऊ. आणि गंमत म्हणजे तिला स्वतःलाही अजून तेच वाटायचं. पेपरातल्या चित्राकडे बघून ती मनात म्हणायची, ही झाली होती ना? मग मी का होत नाही?

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी कारखाना दुपारीच सुटला. अमोस चॅपेलमधले दिवे पुसायला गेला होता. थर्झा ओटची घावनं गरम करत होती तेवढ्यात दार वाजलं. बाहेर एक सडपातळ तरुण बाई उभी होती. अंगावर काळा, नीटनेटका झगा, हातमोजे शिवून शिवून वापरलेले.

"मी ड्रुसिला ऑर्म. लीकहून आलेय. शाळेत शिकवते. आज रविवार नाही, ठाऊक आहे मला, पण सगळ्यांसमोर बोलायची लाज वाटली."

थर्झाने तिला आत घेतलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि तिचा उजवा गुडघा झग्याखाली हलायला लागला. थर्झाने तो ओळखला. आपलाही तसाच हलतो.

"मिसेस माउंटफर्ड, मला एवढंच विचारायचंय," ती मुलगी घाईघाईने म्हणाली, "की तुम्ही तो अर्क जेवणाआधी घेत होतात की नंतर?"

"का बरं?"

"माझी अकरावी बाटली चालू आहे. तुम्ही दोन बाटल्यांत बऱ्या झालात. म्हणजे माझंच कुठेतरी चुकतंय. आधी जेवणानंतर घेत होते. मग वाटलं, आधी घ्यायचं असेल. मग चहा सोडला. मांस सोडलं. मग वाटलं, माझं मनच वाईट असेल, श्रद्धा कमी पडत असेल. शाळेत पोरांच्या पाट्या पडल्या तरी मी किंचाळते हो. तुमचं चित्र मी कापून ठेवलंय. रोज बघते. तुम्ही काय केलंत, तेवढं सांगा. मी अगदी तसंच करीन."

थर्झा चहा ओतायला गेली. किटली उचलली, कपावर धरली. धार कपात पडली, मग बशीत पडली, मग टेबलावर. ती थांबली नाही. तिने सगळं तसंच ओतत ठेवलं, आणि मुलगी बघत राहिली.

"असं करते मी," थर्झा म्हणाली. "सात झाल्या. आठवी चालू आहे."

चहा टेबलाच्या कडेवरून फरशीवर थेंब थेंब पडत होता.

"म्हणजे माझं काही चुकत नव्हतं," ड्रुसिला म्हणाली आणि तिने तोंडावर हात घेतला. मोठा श्वास सोडावा तसा तिच्या घशातून आवाज निघाला. मग हात खाली आला तेव्हा चेहरा बदललेला होता. "तुम्हाला ठाऊक होतं. दर रविवारी लोक येतात. तुम्ही दार उघडत होतात."

"हो."

"का?"

"मला वाटायचं पुढच्या बाटलीने होईन बरी. मग ते खोटं राहणार नाही."

ड्रुसिला उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. थर्झाही उभीच होती. दोन बायका त्या लहानशा स्वयंपाकघरात एकमेकींना चुकवत येरझारा घालत राहिल्या.

"आमच्या गावचा औषधवाला म्हणतो, यात निम्मी ब्रँडी आहे," ड्रुसिला अचानक म्हणाली. "आणि कुचल्याचा अर्क. कुचल्याने उंदीर मारतात. मला वाटलं, त्याचा धंदा बसतोय म्हणून बोलतो."

"ब्रँडी? आमच्या घरात? शक्यच नाही. अमोसने अकराव्या वर्षी शपथ घेतलीय, दारूला शिवणार नाही म्हणून. मीसुद्धा."

"चमचा आहे?"

थर्झाने मोठा लोखंडी चमचा दिला. ड्रुसिलाने आठव्या बाटलीतला अर्क त्यात ओतला आणि चमचा निखाऱ्यांवर धरला. तिचाही हात धड नव्हता, म्हणून थर्झाने मनगट धरलं, आणि दोघींचं कापणं एकमेकांत मिसळून कसंबसं स्थिर झालं. अर्कातून वाफ निघाली. ड्रुसिलाने पेटती काडी जवळ नेली. चमच्यावर निळी ज्योत उठली. बारीक, जवळजवळ दिसत नाहीशी, पण चमच्याच्या काठाकाठाने पळणारी.

त्याच वेळी मागच्या दाराने अमोस आत आला. हाताला दिव्यांची काजळी.

"हे काय जाळताय?"

"तुझा अर्क," थर्झा म्हणाली.

अमोस पुढे आला आणि वाकून बघू लागला. ज्योत विझेपर्यंत बघत राहिला. मग त्याने चमच्याला नाक लावलं. तो वास त्याने आजवर बाटलीतून कितीदा घेतला असेल, पण त्यातली दालचिनी आणि लवंग आता उडून गेली होती. उरला होता तो वास त्याच्या ओळखीचा होता. त्याचा बाप त्याच वासाने मेला होता.

"रॅग," तो म्हणाला. "ब्रदर रॅगला मी पाजलं. सत्तर वर्षांत त्या माणसाने थेंब घेतला नव्हता." मग खुर्चीत बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला, "मी चॅपेलमध्ये दारू विकली, थर्झा. बायबलच्या फळीखाली ठेवून विकली."

बाटल्या त्याने त्याच संध्याकाळी मोरीत रिकाम्या केल्या. ड्रुसिला गाडीने लीकला परत गेली. जाताना थर्झाला म्हणाली, "पेपरातून नाव काढून घ्या." त्यात राग होता की विनवणी, ते थर्झाला कळलं नाही.

तिने कंपनीला लिहिलं, की मी बरी झालेली नाही, माझं पत्र मागे घेते. आठवड्याने सुबक छापील उत्तर आलं. रोग शरीर सोडून जाताना असाच झटका देतो, घाबरू नये, आणखी सहा बाटल्या सवलतीत पाठवू. पुढच्या शनिवारी पेपरात चित्र होतंच. मग ती शेजारच्या हॅन्लीला पेपरच्या कचेरीत गेली. खिडकीमागच्या कारकुनाने चित्र पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"या तुम्ही? चित्रात बऱ्या दिसता."

"तेच सांगायला आलेय. मी बरी नाही."

"बाई, जाहिरात त्यांची आहे. पैसे भरलेत त्यांनी. तुम्हाला काही छापायचं असेल तर तुम्ही भरा, पण त्यांच्याविरुद्ध छापलं तर आमच्यावर खटला होईल. तेव्हा तेही नाही." त्याने खिडकी ओढून घेतली. वाईट माणूस नव्हता तो. नुसता कामात होता.

राहिला रविवार. थर्झाने ठरवलं, येणाऱ्याला तोंडावर सांगायचं. पण सांगणंही सोपं निघालं नाही. बाटली सोडल्यापासून तिची अवस्था आणखी वाईट होती. घाम फुटायचा, दात वाजायचे, वाटेल ते झालं तरी एक चमचा मिळावा असं वाटायचं. अशा अवस्थेत ती दारात उभी राहून म्हणायची, "घेऊ नका ते. मी बरी नाही." आणि लोक तिच्याकडे संशयाने बघायचे.

"स्वतः झालीस बरी, आता आमच्यापासून लपवतेस होय?" एक म्हातारी तिच्या अंगावर आली. "नाही द्यायचं तर नको देऊस, पण खोटं कशाला बोलतेस? छापलंय की पेपरात!"

"मीच सांगतेय ना, आजी, माझ्या तोंडाने!"

"तोंडाने काय कुणीही बोलेल."

हे वाक्य थर्झाच्या डोक्यात घुसून बसलं. सोमवारी रंगशाळेत तिने कपाटातून एक कोरी पांढरी टाइल घेतली, हाताएवढी लांब, आणि निळा रंग कालवला.

"काय लिहितेस?" केझायाने वाकून वाचलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "देवा! आण इकडे, मी लिहून देते. सुरेख अक्षरात."

"नको. सुरेख झालं तर कोण विश्वास ठेवील?"

तिने हात सोडून दिला. इतके महिने जो कंप दाबायचा, लपवायचा, त्याला तिने हवं तिकडे जाऊ दिलं. अक्षरं वाऱ्यावरच्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी हलत गेली. 'मी बरी झाले नाही. हे माझ्या हातचं आहे. अर्क घेऊ नका. थर्झा माउंटफर्ड.'

टाइल भट्टीत घालायची तर अमोसचं काम. परवानगीशिवाय कारखान्याच्या भट्टीत स्वतःची वस्तू भाजणं म्हणजे नोकरीशी खेळ. त्याने टाइल हातात घेतली, वाचली आणि कोटाच्या आत घातली. तीन दिवसांनी ती भाजून, चकाकती होऊन आली, आणि त्याने स्वतः चुना कालवून दाराशेजारच्या भिंतीत, बरोबर डोळ्यांच्या उंचीला बसवली. त्यानंतर तो चॅपेलमध्ये उभा राहिला आणि आपण काय विकलं ते सर्वांसमोर बोलला. रॅग रडला. एकदोघांनी अमोसशी बोलणं सोडलं ते कायमचं.

टाइल लोक वाचायचे. काहीजण बोट लावून बघायचे. बहुतेक तिथूनच परत फिरायचे. कंपनीच्या वकिलाचं धमकीचं पत्र आलं, पण खटला काही झाला नाही. वेडीवाकडी टाइल न्यायाधीशापुढे ठेवायची त्यांनाही इच्छा नसावी. चार आठवड्यांनी आसपासच्या स्टॅफर्डशायरच्या पेपरांतून चित्र गेलं. दूर डेव्हनमध्ये ते पुढेही वर्षभर छापलं जात होतं म्हणतात.

कारखान्यातही बातमी पोचली. मॅनेजरने तिला वर बोलावलं. अमोसचं नाव त्याने काढलं नाही, एवढी मेहेरबानी. "मिसेस माउंटफर्ड, हात कापतो असं तुम्हीच भिंतीवर लिहून ठेवलंत. आता मी तुम्हाला रंगाला कसं बसवू? खाली पॅकिंगला जा. पेंढ्यात कप गुंडाळायला हात स्थिर लागत नाही." ती खाली गेली. राग यायला हवा होता, पण आला नाही. इतक्या महिन्यांची धास्ती एका वाक्यात संपली होती.

अमोसने मग तिला इस्पितळात नेलंच. तिथल्या तरुण डॉक्टरने तिला आ करायला लावलं आणि आरसा धरून हिरडीवर नखाने एक रेघ दाखवली, निळसर, पेन्सिलीने ओढल्यासारखी.

"काम काय करता?"

"कप रंगवत होते."

"ब्रशला टोक कशाने काढता?"

"ओठांनी. सगळ्याच काढतात."

"किती वर्षं?"

तिने सांगितलं. डॉक्टर थोडा वेळ लिहितच राहिला. "शिसं," तो म्हणाला. "रंगात शिसं असतं. अंगात गेलंय. आधी तेच होतं तुम्हाला, आणि वर तो अर्क. पॅकिंगला गेलात ते बरं झालं. दूध प्या, हवेत फिरा. हळूहळू कमी होईल. सगळं जाईल असं मी म्हणणार नाही."

इतक्या महिन्यांत तिला कुणी पहिल्यांदाच सांगितलं होतं की सगळं जाणार नाही. तिला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती जिना चढून रंगशाळेत गेली. तिच्या बाकावर नवी मुलगी बसली होती. केझाया सुट्टीतही काम उरकत होती, तोंडात घावनाचा घास तसाच. थर्झाने तिला सगळं सांगितलं. शिसं, हिरडी, निळी रेघ.

"हो का?" केझाया म्हणाली आणि देठ ओढायच्या आधी सवयीने ब्रश ओठांकडे नेला.

थर्झाने तिचं मनगट पकडलं.

"सोड गं बये, रंग वाळतोय!"

"पाण्यात बुडव. फडक्याला पूस."

"तसं टोक येत नाही, तुला ठाऊक नाही का? तूच शिकवलंस मला." केझाया हसत होती, पण थर्झाचा चेहरा बघून हसणं आवरलं. नवी मुलगी ब्रश हवेत धरून दोघींकडे बघत राहिली. "बरं बाई, बुडवते. झालं?"

तिने ब्रश पाण्यात बुडवला, फडक्याला टेकवला आणि देठ ओढला. जाडसर आला. तिने नाक मुरडून तो पुसला आणि दुसरा ओढला. थर्झा सुट्टी संपल्याची घंटा होईपर्यंत तिथेच उभी राहिली. मग खाली पेंढ्याकडे गेली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा वर आली.